आपला तो बाब्या: मक्तेदारीविरोधी कायदा आणि देशोदेशीचं राजकारण



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर जरा भारदस्त छापला गेलाय: 'डिजिटल प्लॅटफॉर्म, स्पर्धा कायदा आणि भूराजकारण'. त्यातला प्रश्न मात्र साधा आहे. गुगल, ॲपल, ॲमेझॉन, मेटा यांच्यासारख्या अवाढव्य कंपन्यांना आवर कोणी घालायचा? ज्या देशात त्या जन्मल्या त्याने, की जिथे त्या धंदा करतात त्याने? आणि एखाद्या सरकारने तो घातलाच, तर तो स्पर्धेच्या काळजीपोटी घातला की दुसऱ्या देशाला शह द्यायला, हे आपण कसं ओळखायचं?

बातम्या वाचताना वाटतं की हे भांडण कालपरवाचं आहे. युरोपने दंड ठोठावला, ट्रम्प यांनी आयातशुल्काची धमकी दिली, चीनने चौकशी लावली. पण ही गोष्ट चारशे वर्षं जुनी आहे, आणि तिच्या पहिल्याच प्रकरणात मुंबई येते. म्हणून तिथूनच सुरुवात करू.

मक्ता देणारा कोण?

इंग्रजीतल्या 'मोनोपॉली' या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ आहे एकट्याने विकणं. आपण त्याला मक्तेदारी म्हणतो. आता 'मक्ता' म्हणजे काय? सरकारने ठरावीक रकमेच्या बदल्यात दिलेला हक्क. जकात गोळा करण्याचा मक्ता, दारू विकण्याचा मक्ता. म्हणजे ग्रीक शब्दात फक्त विकणारा दिसतो, आपल्या शब्दात तो हक्क देणाराही दिसतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

इंग्लंडमध्ये राजा किंवा राणी आपल्या मर्जीतल्या लोकांना असे मक्ते वाटत असे. मीठ, पत्ते, अगदी व्हिनेगरसुद्धा. लोक वैतागले, व्यापारी चिडले, आणि १६२४ मध्ये तिथल्या संसदेने मक्तेदारीविरोधी कायदा केला. त्याचं कौतुक आजही होतं. पण त्यात एक सूट होती: व्यापारासाठी स्थापन झालेल्या कंपन्यांना हा कायदा लागू नाही. १६०० साली सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी त्या सुटीत आरामात बसली. म्हणजे लंडनच्या बाजारात पत्त्यांची मक्तेदारी वाईट, पण पूर्वेकडच्या सगळ्या व्यापाराची मक्तेदारी चालेल! याच कंपनीला इंग्लंडच्या राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने मुंबई देऊन टाकली.

भारताच्या व्यापारातला कंपनीचा मक्ता गेला तो १८१३ मध्ये, चहा आणि चीनचा व्यापार वगळून. का गेला? कंपनीबाहेरच्या ब्रिटिश व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी संसदेवर दबाव आणला म्हणून. त्यांना या बाजारात शिरायचं होतं. स्पर्धा खुली झाली खरी, पण निर्णयाच्या तराजूत इथल्या विणकराचं वजन नगण्य होतं. त्याच्या दृष्टीने एका कंपनीच्या जागी अनेक कंपन्या आल्या, आणि पाठोपाठ गिरणीचं कापडही.

यातून दोन वेगवेगळे प्रश्न निघतात, आणि आजचं सगळं बोलणं त्या दोनांभोवती आहे. पहिला प्रश्न झेंड्याचा: कंपनी कुणाच्या देशाची? दुसरा प्रश्न दाराचा: बाजाराच्या दारावर कोण बसलंय, आणि आत जायला तो काय मागतोय? माझं म्हणणं असं आहे की झेंड्याच्या प्रश्नाचा आवाज वाढला की दाराचा प्रश्न ऐकू येईनासा होतो. आणि दाराबाहेर ताटकळणारा माणूस कुठल्याही देशाचा असला, तरी त्यात तोच भरडला जातो.

रॉकेलची गोष्ट

आपल्या आजीच्या कंदिलात रॉकेल जळायचं. हा शब्द 'रॉक ऑइल'वरून आलाय. रशियाचं तेल स्पर्धेत उतरेपर्यंत मुंबई बंदरात येणारं रॉकेल बरंचसं अमेरिकेचं असे, आणि अमेरिकेतल्या तेलावर हुकमत होती रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलची. या कंपनीने केलं काय? तेल शुद्ध करण्यात ती तरबेज होतीच. पण खरी ताकद होती वाहतुकीत. रेल्वे कंपन्यांशी गुपचूप करार करून ती भाड्यात सूट मिळवायची. काही वेळा तर प्रतिस्पर्ध्याने भरलेल्या भाड्यातलाही वाटा तिला मिळायचा. म्हणजे तुम्ही तुमचं तेल पाठवायचं आणि त्यातले चार पैसे तुमच्या स्पर्धकाच्या खिशात जायचे. आज ॲप स्टोअरच्या कमिशनवरून जी भांडणं चालली आहेत, त्यांचं मूळ इथे सापडतं.

१८९० मध्ये शेरमन कायदा आला. १९०२ ते १९०४ या काळात आयडा टार्बेल या पत्रकार बाईंनी स्टँडर्ड ऑइलचा कारभार लेखमालेतून उघड केला. त्यांचे वडील पेनसिल्व्हेनियातले छोटे स्वतंत्र तेलव्यावसायिक होते. १९११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचं विभाजन कायम केलं आणि तिच्या ३४ कंपन्या झाल्या. इथे लक्षात घ्या, तक्रार करणारे अमेरिकी, आरोपी अमेरिकी, न्यायालय अमेरिकी. झेंडा मध्ये आलाच नाही. म्हणून दाराचा निकाल लागू शकला.

पण पुढे सातच वर्षांनी, १९१८ मध्ये, त्याच अमेरिकेने वेब-पोमरीन कायदा केला. त्याचा अर्थ थोडक्यात असा: अमेरिकी कंपन्यांनी परदेशात माल विकताना आपसात संगनमत केलं तर चालेल, देशातल्या बाजाराला त्याचा उपद्रव झाला नाही म्हणजे झालं. १६२४ ची सूट पुन्हा आली! आपल्याकडे म्हणतात ना, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं.

तेलाचंच पुढचं प्रकरण बघा. १९५२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचा आंतरराष्ट्रीय तेल कार्टेलवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. फौजदारी चौकशीही सुरू झाली होती. पण तिकडे इराणने तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं होतं, शीतयुद्ध पेटलं होतं. १९५३ च्या जानेवारीत अध्यक्ष ट्रुमन यांनी राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने फौजदारी कारवाई सोडून दिवाणी दाव्यावर भागवायला सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोसादेघ यांचं सरकार उलथवलं गेलं, आणि १९५४ मध्ये इराणी तेलासाठी जो संघ बनला त्यात ज्यांची चौकशी चालली होती त्याच पाच अमेरिकी कंपन्या भागीदार होत्या. राष्ट्रीय सुरक्षा हा शब्द उच्चारला की स्पर्धा कायदा बाजूला सरकतो, तो असा.

गुरूची विद्या

आता गोष्ट उलटी फिरते. दुसऱ्या महायुद्धानंतर हा कायदा जगभर नेला कोणी? मुख्यतः अमेरिकेनेच. जपानचा मक्तेदारीविरोधी कायदा १९४७ चा, अमेरिकी ताब्याच्या काळातला. जर्मनीत दोस्त राष्ट्रांनी आय. जी. फार्बेनसारखे उद्योगसमूह तोडले, कारण बड्या उद्योगांची एकजूट आणि हुकूमशाही यांचं नातं सगळ्यांनी पाहिलं होतं. अर्थात सगळंच अमेरिकेकडून आलं असं नव्हे. सत्ता राजकारणात असो वा बाजारात, ती एका जागी साचू देऊ नये, असं मानणारे अर्थतज्ज्ञ जर्मनीत आधीपासून होते. जर्मनीचा स्पर्धा कायदा आणि युरोपीय आर्थिक समुदायाचा रोम करार हे दोन्ही १ जानेवारी १९५८ ला अमलात आले.

आणखी एक धडा अमेरिकेने दिला. १९४५ च्या ॲल्युमिनियम खटल्यात न्यायाधीश लर्नेड हँड यांनी ठरवलं की करार परदेशात झाला, परदेशी कंपनीने केला, तरी त्याचा परिणाम अमेरिकेच्या बाजारावर व्हावा असा हेतू असेल आणि तसा परिणाम झाला, तर अमेरिकेचा कायदा लागू होतो. कृती कुठे घडली यापेक्षा परिणाम कुठे झाला हे महत्त्वाचं. या तत्त्वाने मित्रदेशांचा इतका संताप झाला की ब्रिटनने १९८० मध्ये खास कायदा करून आपल्या कंपन्यांना अमेरिकी आदेश पाळण्यापासून रोखण्याचा अधिकार सरकारला दिला. ब्रिटिशांची तेव्हाची तक्रार काय होती? अमेरिका आपला कायदा आमच्यावर लादते. आज अमेरिका युरोपबद्दल नेमकं हेच म्हणते.

मायक्रोसॉफ्टच्या वेळी ही अदलाबदल स्पष्ट झाली. अमेरिकेत १९९८ मध्ये खटला झाला, २००० मध्ये कंपनी तोडण्याचा आदेश झाला, २००१ मध्ये वरच्या न्यायालयाने तो फिरवला आणि शेवटी तडजोड झाली. युरोपने मात्र २००४ मध्ये ४९.७ कोटी युरो दंड केला आणि सर्व्हरच्या जोडणीची तांत्रिक माहिती स्पर्धकांना द्यायला लावली. २००७ मध्ये तो निर्णय न्यायालयात टिकला, तेव्हा अमेरिकी न्याय खात्याने उघड नाराजी व्यक्त केली. पण मूळ तक्रार कुणाची होती? सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी कंपनीची. म्हणजे एका अमेरिकी कंपनीविरुद्ध दुसऱ्या अमेरिकी कंपनीला न्याय ब्रुसेल्समध्ये मिळाला. बातमीत मात्र ते 'युरोप विरुद्ध अमेरिका' झालं.

दारावरचे नाकेदार

डिजिटल प्लॅटफॉर्ममध्ये असं वेगळं काय आहे? पूर्वीच्या जकात नाक्याची कल्पना करा. पण हा नाकेदार फक्त जकात घेत नाही, नाक्याच्या आत त्याचं स्वतःचं दुकानही आहे. कुठली गाडी आधी सोडायची हे तोच ठरवतो, आणि कोण काय विकतो याची वहीही त्याच्याचकडे. शिवाय सगळी गिऱ्हाइकं याच रस्त्याने येतात म्हणून दुकानदार इथेच येतात, आणि दुकानदार इथे म्हणून गिऱ्हाइकं इथे. दुसरा रस्ता बांधायची मुभा सगळ्यांना आहे, पण त्यावर कोणी फिरकणार नाही.

फाउंडेम नावाचं किमतींची तुलना करणारं एक छोटं ब्रिटिश संकेतस्थळ होतं. गुगलच्या शोधनिकालात ते तळाला गेलं. त्यांनी २००९ मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. २०१७ मध्ये गुगलला २.४२ अब्ज युरो दंड झाला. युरोपच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला सप्टेंबर २०२४ मध्ये. पंधरा वर्षं! या काळात त्या छोट्या धंद्याचं काय होणार? दंड सरकारजमा होतो, गेलेला बाजार परत मिळत नाही.

या विलंबावर उपाय म्हणून युरोपने डिजिटल मार्केट्स ॲक्ट आणला. आधी गुन्हा, मग चौकशी, मग दंड, हा क्रम सोडून त्यांनी नाकेदार कोण ते आधीच ठरवलं आणि त्यांना नियम घालून दिले. स्वतःचं दुकान वर दाखवायचं नाही, दुसऱ्या ॲप स्टोअरला मज्जाव करायचा नाही, वगैरे. सप्टेंबर २०२३ मध्ये पहिली यादी आली. सहा नावं: पाच अमेरिकी, एक चिनी, युरोपची एकही नाही. अमेरिकेने विचारलं, हा योगायोग का? युरोपचं उत्तर: आम्ही वापरकर्त्यांचा आणि उलाढालीचा निकष लावला, त्यात आमची कंपनी बसतच नाही. दोन्हींत तथ्य आहे. निकष सगळ्यांना सारखा आहे, आणि तो आखताना डोळ्यांसमोर कोण होतं हेही उघड आहे.

आता अमेरिकेकडे बघू. गुगलच्या सर्चवर अमेरिकी सरकारने खटला भरला ऑक्टोबर २०२० मध्ये, ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत. त्या खटल्यात उघड झालं की आपलं सर्च आधीपासून निवडलेलं मिळावं म्हणून गुगलने फक्त २०२१ या वर्षात २६.३ अब्ज डॉलर मोजले होते. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी गुगलने बेकायदा मक्तेदारी टिकवली असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय सांगताना मात्र क्रोम विकायला लावलं नाही. अपवर्जक, म्हणजे दुसऱ्याला वाटच न ठेवणाऱ्या करारांवर बंदी घातली आणि काही माहिती स्पर्धकांना द्यायला सांगितली. हा झाला घरातला हिशोब. पण त्याच ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये आदेश काढला की परदेशी सरकारं अमेरिकी कंपन्यांवर जे डिजिटल कर, दंड आणि नियम लादतात, त्यांना उत्तर म्हणून आयातशुल्काचा विचार व्हावा. सप्टेंबरमध्ये युरोपने जाहिरात तंत्रज्ञानाच्या प्रकरणात गुगलला २.९५ अब्ज युरो दंड केला, तेव्हा धमकी लगेच आली. आमच्या पोराला आम्ही फटके देऊ, शेजाऱ्याने डोळे वटारायचे नाहीत, असा हा पवित्रा.

कंपन्यांना हे बरोबर कळतं. २०१८ मध्ये झुकरबर्ग सिनेटसमोर गेले, तेव्हा त्यांच्या टिपणांचं छायाचित्र कुणीतरी टिपलं. कंपनी तोडण्याबद्दल विचारलं तर काय सांगायचं, याची तयारी त्यात होती: आम्हाला तोडलंत तर चिनी कंपन्या बळकट होतील. ही युक्तीही जुनी. १९८१ मध्ये एटी अँड टी या टेलिफोन कंपनीवरचा खटला मागे घ्यावा असा आग्रह संरक्षणमंत्री वाइनबर्गर यांनी धरला होता, देशाच्या संरक्षणाला अखंड टेलिफोन जाळं हवं म्हणून. खटला चालू राहिला, १९८४ मध्ये कंपनीचं विभाजन झालं. अमेरिकेचं संरक्षण काही कोसळलं नाही.

आणि चीन? तिथे दोन्ही प्रश्न सरकारच्याच हातात आहेत. एप्रिल २०२१ मध्ये अलिबाबाला १८.२ अब्ज युआन दंड झाला. आरोप खरा होता: आमच्याकडे विका किंवा स्पर्धकाकडे, दोन्हीकडे नाही, असं ती व्यापाऱ्यांना बजावायची. पण त्याआधी काही महिने जॅक मा यांनी वित्तीय नियामकांवर जाहीर टीका केली होती आणि पाठोपाठ अँटची शेअरविक्री थांबवली गेली होती, हेही विसरता येत नाही. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये ज्या दिवशी अमेरिकेचं वाढीव शुल्क लागू झालं, त्याच दिवशी चीनने गुगलची स्पर्धा कायद्याखाली चौकशी जाहीर केली. गुगलचं सर्च तर २०१० मध्येच चीनमधून बाहेर पडलं होतं. हा कायदा वाटाघाटीतला मोहरा कसा होतो, याचं इतकं उघड उदाहरण शोधून सापडणार नाही.

आपल्या घरात

भारतात आधी १९६९ चा एमआरटीपी कायदा होता. त्याचा भर कंपनी मोठी होऊ नये यावर. मग २००२ चा स्पर्धा कायदा आला. मोठं असणं गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर गुन्हा. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला. प्ले स्टोअर हवं असेल तर सर्च, क्रोम असा सगळा गठ्ठा घ्या, ही फोन उत्पादकांवरची सक्ती आयोगाने गैर ठरवली. तक्रार कुणा बड्या कंपनीची नव्हती, तिघा व्यक्तींची होती. गुगलने अपिलात आक्षेप घेतला की आयोगाने युरोपच्या निर्णयातले भाग जसेच्या तसे उतरवले. अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, काही निर्देश रद्द केले. आणि एक गोष्ट मुद्दाम सांगतो: या आदेशाच्या आदल्याच दिवशी आयोगाने मेकमायट्रिप आणि ओयो या भारतात वाढलेल्या कंपन्यांनाही दंड केला होता. त्या वेळी तरी बाब्या आणि कार्टं एकाच मापाने मोजले गेले.

याच्या अगदी उलट उदाहरण २०२० चं. गलवाननंतर २९ जूनला ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली, त्यात टिकटॉक होतं. निर्णय सुरक्षेचा होता आणि सुरक्षेची काळजी खोटी होती असं मी म्हणत नाही. पण बाजारात काय झालं ते बघा. जुलैमध्ये इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची चाचणी भारतातच सुरू केली. काही देशी ॲप्सही आली. पण खेड्यापाड्यांत टिकटॉकवर नाव कमावलेल्या पोरापोरींना शेवटी जावं लागलं ते मुख्यतः मेटा आणि गुगलच्याच दारात. झेंड्याचा प्रश्न सुटला, दाराचा आणखी अवघड झाला. लहान व्हिडिओंच्या बाजारात या दोघांना टक्कर देणारा सगळ्यात मोठा स्पर्धक आपणच बाहेर काढला होता, आणि त्याची स्पर्धेच्या अंगाने फारशी चर्चाही झाली नाही.

मार्च २०२४ मध्ये दोन गोष्टी घडल्या. शुल्काच्या वादातून गुगलने काही भारतीय कंपन्यांची ॲप्स प्ले स्टोअरवरून काढली. सरकारने हस्तक्षेप केला, ॲप्स परत आली. त्याच महिन्यात युरोपच्या धर्तीवर डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा जाहीर झाला. पहिल्या प्रसंगात मंत्र्यांनी मध्यस्थी केली म्हणून काम झालं. ज्याची ओळख नाही, ज्याच्यासाठी कुणी बैठक बोलावणार नाही, त्याला नियम लागतो. आणि नियमाचा तो मसुदा मी आज बोलतोय तोवर कायदा झालेला नाही. अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटी चालू असताना तो पुढे नेणं कुठल्याही सरकारला जड जाणार, हे इतिहास वाचून सांगता येतं.

मग आपण नागरिकांनी काय करायचं? पुढच्या वेळी अशी बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारा. तक्रार कुणाची आहे: दाराबाहेर अडलेल्याची, की फक्त दुसऱ्या देशाच्या सरकारची? निर्णयानंतर दार उघडलं, की नुसता दंड तिजोरीत गेला? आणि हेच वागणं उद्या आपल्या देशातल्या कंपनीने केलं, तर हाच नियम तिला लागेल का?

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण त्याचं उत्तर आपल्यालाच द्यायचंय. परक्या नाकेदाराला हाकलून तिथे आपल्या माणसाला बसवलं, तर टाळ्या मिळतात. पण रांगेत उभ्या असलेल्याला विचारा, जकात कमी झाली का? सुरुवातीला म्हटलं तसं, मक्ता कुणीतरी दिलेला असतो. एके काळी तो राजा देत असे. आज आपली सरकारं डोळेझाक करून देतात, आणि आपण दुसरं काही न शोधता पहिलंच बटण दाबतो, तेव्हा थोडासा आपणही देतो.

इथे थांबतो. प्रश्नांसाठी वेळ राखून ठेवलाय, आता तुम्ही बोला.